बोटं हलतायत, म्हणून मनगट शाबूत आहे असं नाही

दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी जखमी गोविंदांचा आकडा बातम्यांत येतो. ठाण्यात या सणाची चढाओढ मोठी. 2012 साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले ते इथेच. पण त्या आकड्यात धरले जातात ते रुग्णालयात नेलेले. थर कोसळताना तळहात टेकून पडलेला आणि ‘काही नाही, लचकलंय’ म्हणत पुन्हा रांगेत उभा राहिलेला मुलगा त्यात नसतो. पावसाळ्यात स्टेशनच्या ओल्या जिन्यावर घसरलेले किंवा येऊरच्या उतारावर सायकलवरून पडलेलेही असेच घरी जातात. क्रेप बँडेज, बर्फ, फार तर एखादी वेदनाशामक गोळी, आणि सोमवारी ऑफिस. बहुतेकांचं खरंच काही बिघडलेलं नसतं. मला लिहायचंय ते उरलेल्यांबद्दल.

पडल्या पडल्या आजूबाजूचे पहिला प्रश्न विचारतात, ‘बोटं हलवून बघ. हलतायत ना? मग मोडलेलं नाही.’ हे साफ चूक आहे, आणि का चूक आहे ते आत्ता, बसल्या जागी तपासता येतं. डावा हात उजव्या हाताच्या कोपराखाली ठेवा आणि उजव्या हाताची बोटं मिटा-उघडा. तळव्याखाली स्नायू सरकताना जाणवतील. बोटं ओढणारे मोठे स्नायू इथे, कोपरापासून खाली आहेत. त्यांच्या लांब कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटावरून पुढे बोटांपर्यंत जातात. मनगटातलं एखादं छोटं हाड तडकलं तरी या कंडरा तुटत नाहीत, त्यामुळे बोटं हलत राहतात. मूठ वळते, मोबाइल चालतो, लोकलचा दांडाही पकडता येतो.

मनगटात आठ छोटी हाडं दोन ओळींत बसलेली असतात. त्यांतलं अंगठ्याच्या बाजूचं, जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचं हाड म्हणजे स्कॅफॉइड. या आठांत सर्वांत जास्त वेळा मोडतं ते हेच, आणि बहुतांशी तरुणांचं. हे हाड दोन्ही ओळींना जोडतं. त्यामुळे मागे वळलेल्या तळहातावर सगळं वजन आलं की ताण त्याच्या मधल्या, कमरेसारख्या निमुळत्या भागावर एकवटतो.

अंगठा ताणून वर करा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला दोन कंडरा ताठ उठतात आणि त्यांच्यामध्ये एक खळगा पडतो. पूर्वी तपकीर ओढणारे चिमूट याच खळग्यात ठेवत. या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड आहे. बोट हलकेच टेकवलं तर नाडीही लागते. पडल्यानंतर इथे दाबून कळ येत असेल, तर हाड मोडलंच आहे असं नाही, पण मोडलं नसल्याची खात्री एक्स-रे काढल्याशिवाय कुणी देऊ नये.

एवढ्याशा हाडाची इतकी धास्ती का, हे त्याच्या रक्तपुरवठ्यात दडलं आहे. शरीरशास्त्रातली ही रचना मला विलक्षण वाटते. स्कॅफॉइड चहूबाजूंनी इतर हाडांवर घासतं, म्हणून त्याच्या बहुतेक पृष्ठभागावर गुळगुळीत कूर्चा (कार्टिलेज) असते. कूर्चेतून रक्तवाहिनी आत शिरू शकत नाही. तिला जागा उरते ती मागच्या बाजूच्या एका अरुंद पट्टीत, आणि तीही मुख्यतः हाडाच्या बोटांकडच्या अर्ध्या भागात. सुमारे 70 ते 80 टक्के रक्त तिथून आत जातं आणि हाडाच्या आतून उलटं, कोपराच्या दिशेने वाहतं. कोपराकडच्या टोकाला दुसरी सोय जवळपास नाहीच. घोडबंदर रोडवर पाण्याच्या लाइनच्या अगदी शेवटी असलेल्या सोसायटीचं जे होतं तेच इथे: मध्ये लाइन फुटली की अलीकडच्यांना पाणी मिळतं, शेवटची टाकी कोरडी पडते. स्कॅफॉइड कमरेत मोडलं की बोटांकडचा तुकडा जिवंत राहतो आणि कोपराकडचा उपाशी राहू शकतो. मोड जितकी कोपराकडे, तितका धोका जास्त. रक्त न मिळालेला तुकडा मरतो. पुढे काही वर्षांत बाकीची हाडं जागा सोडतात आणि ऐन तिशी-चाळिशीत मनगटाला संधिवात जडतो.

दुसरी अडचण भरून येण्याची. मांडीचं किंवा नडगीचं हाड मोडलं की त्यावरचं जिवंत आवरण कामाला लागतं. मोडीभोवती रक्त साकळतं, त्यात नवी पेशीजाळी उभी राहते आणि बाहेरून हाडाचा जाडसर जोड तयार होतो. स्कॅफॉइडवर हे आवरण जवळजवळ नाही, शिवाय ते सांध्यातल्या वंगणद्रवात बुडालेलं असतं. त्याला बाहेरून आधार मिळत नाही. दोन्ही कडा एकमेकींना घट्ट भिडलेल्या असतील तरच नवं हाड आतल्या आत पलीकडे जातं. म्हणून तुकडे मिलिमीटरभर सरकले तरी सर्जन शस्त्रक्रियेचा विचार करतात. त्यासाठी वापरतात तो स्क्रू ऑस्ट्रेलियाच्या टिमोथी हर्बर्ट यांनी रूढ केला. त्यावरचा त्यांचा महत्त्वाचा शोधनिबंध 1984 चा. या स्क्रूला डोकं नसतं, कारण सांध्यात वर आलेलं डोकं कूर्चा खरवडेल. मग तुकडे आवळायचे कसे? स्क्रूच्या दोन टोकांना दोन वेगळे आटे. पुढच्या टोकाचे आटे विरळ, मागच्याचे दाट. एका फेऱ्यात पुढचं टोक मागच्यापेक्षा जास्त अंतर कापतं, म्हणून पुढचा तुकडा मागच्याकडे ओढला जातो. निव्वळ आट्यांच्या अंतरातून हा दाब निर्माण होतो.

वेळेत सापडलेल्या आणि न सरकलेल्या मोडीला बहुधा प्लास्टर पुरतं. कमरेतल्या मोडीला साधारण 8 ते 12 आठवडे, कोपराकडच्या टोकाला त्याहून जास्त. सिगारेट ओढणाऱ्याचं हाड उशिरा जुळतं, हेही लक्षात असू द्या.

वेळेत सापडणं मात्र कठीण, कारण पहिल्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये ताजी चीर दिसेलच असं नाही. कडा इतक्या जवळ असतात की किरणांना फट सापडत नाही. दहा ते चौदा दिवसांत शरीर मोडीच्या कडांवरचं थोडं हाड शोषून घेतं, फट रुंदावते आणि मग रेघ दिसते. म्हणून खळग्यात दुखत असेल तर चांगला डॉक्टर एक्स-रे स्वच्छ असूनही हात आधारपट्टीत बांधतो आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतो. हे पैसे उकळणं नव्हे. लगेच उत्तर हवं असेल तर एमआरआय चीर पहिल्या काही दिवसांतच दाखवतो. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि ठाण्याच्या सिव्हिलमध्ये हाडांचा विभाग आहे. खाजगी दवाखान्याचं बिल परवडत नाही म्हणून कुणी घरी बसू नये.

याच दोन आठवड्यांत पुष्कळ जण हाडवैद्याकडे जातात, आणि याचा मला मनापासून राग येतो. कुठलाही लेप आतल्या तुकड्याला रक्त पोहोचवत नाही. मालिश मोडीच्या कडा हलवते. बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या की सुजणाऱ्या हाताचा रक्तप्रवाहच थांबतो. अशा बांधणीपायी बोटं, क्वचित अख्खा हात कापावा लागल्याच्या घटना आपल्याकडच्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. हाडवैद्याने पिढ्यानपिढ्या हाडं ‘बसवली’ असतील, पण त्यातली कितीतरी मुळात मोडलेलीच नव्हती.

आता घाईचं. मनगट वाकडं दिसतंय, जखमेतून हाड डोकावतंय, बोटं गार किंवा निळसर पडलीत, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झालीत, किंवा हात टणक होऊन कळ वाढतच चाललीय, तर सकाळची वाट पाहू नका, तसंच निघा. त्याआधी बांगड्या आणि अंगठ्या काढा, कारण सूज चढल्यावर त्या कापाव्या लागतात. यातलं काही नाही, पण हात टेकून वजन पेलवत नाही, बरणीचं झाकण फिरवताना कळ येते किंवा दोन-तीन दिवसांत दुखणं उतरत नाही, तरीही दाखवा. लहान मुलांच्या मनगटाजवळ हाडाच्या वाढीचा थर असतो, त्यामुळे त्यांची सूज अंगावर काढू नये.

पन्नाशीनंतर स्कॅफॉइडपेक्षा त्याच्या मागचं, हाताचं मुख्य हाड मनगटालगत मोडतं. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी 1814 मध्ये, एक्स-रेचा शोध लागण्याच्या ऐंशी वर्षं आधी, नुसत्या बोटांनी चाचपून ही मोड ओळखली आणि वर्णन करून ठेवली. बाथरूममध्ये साधं घसरून आईचं मनगट मोडलं असेल, तर प्लास्टर निघाल्यावर तिथेच थांबू नका, डॉक्टरांना हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल विचारा. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणं हे बहुधा अस्थिविरळतेचं पहिलं लक्षण असतं, आणि खुब्याचं हाड मोडण्याआधी तिच्यावर औषध सुरू करता येतं.