स्लायडर कासवं : तिसऱ्या शब्दातली पळवाट

युरोपीय संघाने 1997 मध्ये लाल कानाच्या स्लायडर कासवाची आयात थांबवली. कायद्यात नाव लिहिलं ते तीन शब्दी : ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलिगन्स. यातला तिसरा शब्द उपजातीचा. पाळीव कासवांच्या व्यापाराने तेवढाच शब्द बदलला. पिवळ्या पोटाची 'स्क्रिप्टा स्क्रिप्टा' आणि कंबरलँड स्लायडर, म्हणजे 'ट्रूस्टी', बंदीबाहेर होत्या. दुकानांत त्यांची पिल्लं आली, सोबत संकरही. ही पळवाट बुजायला 2016 उजाडलं. त्या वर्षीच्या संघाच्या घुसखोर जातींच्या यादीत अख्खी ट्रॅकेमिस स्क्रिप्टा घातली गेली. जपाननेही 2023 मध्ये पूर्ण जातीवरच निर्बंध आणले.

गोंधळ तसा जुना. 'स्क्रिप्टा' म्हणजे लिहिलेली. हे नाव 1792 चं. ट्रूस्टी 1836 मध्ये आणि एलिगन्स त्याच दशकाच्या अखेरीस आली, तीही स्वतंत्र जाती म्हणून. पुढे त्या उपजाती ठरल्या आणि वंशनाम, म्हणजे पहिला शब्दही, बदलत गेलं. जुन्या पुस्तकातलं 'स्यूडेमिस स्क्रिप्टा एलिगन्स' हे तेच कासव.

ओळखताना डोळ्यामागे आधी पाहावं. एलिगन्सला रुंद लाल पट्टा, स्क्रिप्टाला मोठा पिवळा डाग, ट्रूस्टीला अरुंद पट्टा, बहुधा पिवळा किंवा नारिंगी. मग कासव उलटं धरून पोटाकडचं कवच बघावं : एलिगन्सच्या जवळपास प्रत्येक खवल्यावर गडद डाग असतो, स्क्रिप्टाचे डाग बहुधा पुढच्या खवल्यांपुरतेच. नुसत्या डोक्यावरून नाव ठरवलं की चूक होते, कारण म्हाताऱ्या नरांचे रंग काळवंडून पट्टाच दिसेनासा होतो आणि संकरात लाल-पिवळं एकत्र येतं. जंगली कासवाचं मूळ ठिकाण तरी मदतीला येतं : एलिगन्स मिसिसिपी खोऱ्यातली, स्क्रिप्टा आग्नेय अमेरिकेतली. कासवं पैदा करणाऱ्या केंद्रात उबवलेल्या पिल्लाला तो आधार नाही. अशा वेळी 'ट्रॅकेमिस स्क्रिप्टा, उपजात अनिश्चित' असं लिहिणंच प्रामाणिक.

एवढी पिल्लं परदेशी जाण्यामागे अमेरिकेचा 1975 चा नियमही आहे. साल्मोनेला या आजार पसरवणाऱ्या जिवाणूच्या भीतीने 4 इंचांहून लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला तिथे बंदी आली. निर्यात मात्र चालू राहिली.

आपल्याकडे आणखी एक घोळ संभवतो. खोक्यावर नुसतं 'एलिगन्स' लिहिलं तर ते कोणतं? भारतीय तारांकित कासवाचं शास्त्रीय नाव जिओकेलोन एलिगन्स. ते वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि 2019 पासून साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. पहिला शब्द गाळून नाव लिहू नये.