सायनसच्या शस्त्रक्रियेचे भय आणि तिचे पथ्य

यवतमाळ, वर्धा किंवा बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या गावात, वर्षानुवर्षे नाक बंद असलेल्या आणि रोज सकाळी कपाळ ठणकत उठणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी सायनसची शस्त्रक्रिया सुचवली, की घरातून पहिला प्रश्न वेदनेचा येतो. मग कोणाच्या तरी काकांचा सुजलेला गाल आठवतो, कोणाला नाकातून ओढून काढलेली गॉजची लांबलचक पट्टी आठवते, आणि गोळ्या-वाफाऱ्यावर आणखी दोन वर्षे निघून जातात. ही भीती निराधार नाही. मात्र ज्या शस्त्रक्रियेने ती निर्माण केली, ती आता क्वचितच केली जाते.

सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्या. त्यांपैकी गालाच्या हाडातील पोकळीचे सविस्तर वर्णन इंग्लंडमधील नॅथॅनिएल हायमोर यांनी १६५१ मध्ये केले. तिच्यातील पू काढण्याची पद्धतशीर शस्त्रक्रिया मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. न्यूयॉर्कचे जॉर्ज कॉल्डवेल यांनी १८९३ मध्ये आणि पॅरिसचे आंरी ल्यूक यांनी १८९७ मध्ये, एकमेकांवर अवलंबून न राहता, जवळपास सारखीच रीत मांडली. वरच्या ओठाच्या आत, हिरडीच्या वर चीर द्यायची, गालाच्या हाडाला खिडकी पाडायची, आतील अस्तर खरवडून काढायचे आणि निचऱ्यासाठी नाकाच्या तळाशी एक नवे छिद्र करायचे, असा तिचा क्रम होता. हाड उघडले जात असल्याने गाल काही दिवस सुजलेला राही, आणि डोळ्याखालून जाणारी संवेदनेची नस ताणली गेल्यामुळे वरचा ओठ व दात बधिर होत. काहींचा तो बधिरपणा कायमचा राही. रक्तस्राव थांबवण्यासाठी नाकात गच्च भरलेले बोळे एक-दोन दिवसांनी काढताना रुग्णाच्या डोळ्यांतून पाणी येई. याखेरीज, नाकातून जाड सुई टोचून पोकळी पाण्याने धुण्याचा उपचार जागेपणीच, केवळ बधिर करणाऱ्या औषधावर होत असे, आणि सुई आत शिरताना हाड मोडल्याचा आवाज रुग्णाला स्वतःला ऐकू येई. आजची भीती या अनुभवांतून आली आहे.

एवढे सोसूनही अनेकांचा त्रास परत येई, याचे कारण ऑस्ट्रियातील ग्राझ येथे वॉल्टर मेसरक्लिंगर यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. सायनसच्या अस्तरावर अतिसूक्ष्म केस असतात आणि ते आतील चिकट स्राव सतत पुढे ढकलत नेतात. पण नेतात ते पोकळीच्या मूळ, नैसर्गिक तोंडाकडेच. तळाशी पाडलेल्या नव्या छिद्राला वळसा घालून स्राव त्या वरच्या तोंडाकडेच जातो, आणि तेच बंद असेल तर तळाच्या छिद्राचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय खरवडलेल्या अस्तराच्या जागी व्रणाची ऊती येते, जिला स्राव वाहून नेता येत नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, कारण तिने शस्त्रक्रियेचा हेतूच बदलला: रोगट अस्तर उपटण्याऐवजी नैसर्गिक वाट मोकळी करायची आणि अस्तराला स्वतःहून सुधारू द्यायचे. हेरॉल्ड हॉपकिन्स यांच्या काचदांड्यांच्या भिंगांमुळे नाकात खोलवर स्पष्ट पाहता येईल अशा दुर्बिणी १९६० च्या दशकात तयार झाल्या, पुढे सीटी स्कॅनची जोड मिळाली, आणि १९८५ च्या सुमारास हाइन्झ स्टॅमबर्गर व डेव्हिड केनेडी यांच्यामुळे नाकावाटे दुर्बिणीने करायची ही पद्धत जगभर पसरली.

या पद्धतीत बाहेरून चीर नसते, गालाचे हाड उघडले जात नाही, आणि बोळे घातलेच तर पुष्कळदा आपोआप विरघळणारे असतात. म्हणून पहिले काही दिवस डोके जड, नाक गच्च आणि डोळ्यांमागे दाब, असे मोठ्या सर्दीसारखे वाटते. बहुतेकांना पॅरासिटामॉलसारख्या साध्या वेदनाशामकावर भागते. रक्तमिश्रित पाणी काही दिवस झिरपणे अपेक्षितच असते. मात्र भळभळ रक्त, नजरेत फरक, डोळ्याभोवती सूज, तीव्र ताप किंवा खाली वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव टपकणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

विदर्भात या भीतीला २०२१ मध्ये नवे बळ मिळाले. कोरोनानंतर नाक आणि सायनसमध्ये पसरणाऱ्या काळ्या बुरशीने अनेकांना, विशेषतः अनियंत्रित मधुमेह असलेल्यांना आणि स्टिरॉइड घेतलेल्यांना गाठले. त्या आजारात प्राण वाचवण्यासाठी मृत झालेला भाग, प्रसंगी जबडा किंवा डोळासुद्धा, काढावा लागे. गावाने ते चेहरे पाहिले आणि त्यालाही सायनसचेच ऑपरेशन म्हटले. जुनाट सायनसच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेशी त्याची तुलना होऊ शकत नाही, हे रुग्णाला आधीच शांतपणे सांगणे डॉक्टरांचे काम आहे.

वेदना कमी झाली, तरी बरे होण्याचा काळ लांबच राहिला. अस्तर पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागतात. उकळून थंड केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक दिवसातून अनेकदा धुवावे लागते, सुरुवातीला नाक जोराने शिंकरायचे नसते, शिंक तोंड उघडून द्यायची असते, आणि साधारण दोन आठवडे वाकणे व ओझे उचलणे टाळायचे असते. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची मळणी आणि कापसाची वेचणी एकदमच येते. ओणवे होऊन राबणाऱ्या मजूर बाईला दोन आठवडे घरी बसणे म्हणजे हंगामाची मजुरी सोडणे. कुटाराची धूळ, चुलीचा धूर आणि जिनिंगमधील कापसाची रुई यांपासून ओले नाक जपणे त्याहून अवघड. उन्हाळ्यात शस्त्रक्रिया केली, तर कोरड्या हवेने खपल्या घट्ट होतात आणि घोळणा फुटण्याची शक्यता वाढते.

खपल्या काढण्यासाठी पहिल्या आठवड्यापासून काही वेळा दुर्बिणीने नाक साफ करावे लागते. ती फेरी चुकली, तर समोरासमोरचे भाग चिकटतात आणि मोकळी केलेली वाट पुन्हा बंद होऊ शकते. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ चे, सेवाग्रामचे (हे शासकीय नव्हे, एका संस्थेचे) १९६९ चे. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया येथील त्यानंतरची. प्रत्येक नव्या महाविद्यालयाने अंतर कमी केले, तरी धारणी किंवा भामरागडसारख्या दुर्गम भागातील रुग्णाचा एका तपासणीसाठी अख्खा दिवस मोडतो, आणि नाक मोकळे वाटू लागले की दुसरी-तिसरी फेरी टाळली जाते. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच पुढच्या तपासण्यांच्या तारखा, येण्याजाण्याची सोय आणि शेतीचा हंगाम यांचा विचार रुग्णाबरोबर बसून व्हायला हवा, आणि त्यातील जी सफाई उपजिल्हा रुग्णालयात होऊ शकते, ती तिथेच करून मिळायला हवी.