उष्ण वाळवंटी उद्यानांतील हरवलेल्यांचा शोध

उष्ण वाळवंटात राखून ठेवलेल्या संरक्षित प्रदेशात, विशेषतः राष्ट्रीय उद्यानात, वाट चुकलेल्या किंवा ठरल्या वेळी न परतलेल्या पदभ्रमकांना हुडकण्याचे संघटित काम. या विषयाचे बरेचसे लेखन अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात झाले आहे. त्यामुळे ही नोंद मुख्यतः जॉशुआ ट्री, डेथ व्हॅली आणि ग्रँड कॅन्यनचा तळ यांविषयी आहे. यांपैकी पहिली दोन, म्हणजे कॅलिफोर्नियातील उद्याने, १९३० च्या दशकात राष्ट्रीय स्मारके म्हणून राखली गेली (डेथ व्हॅली १९३३, जॉशुआ ट्री १९३६). दोन्हींना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी मिळाला. जॉशुआ ट्रीचे क्षेत्रफळ सुमारे ३,२०० चौ. किमी., म्हणजे गोव्याहून किंचित कमी आहे. डेथ व्हॅली त्याच्या चौपटीहून मोठे आहे.

उघड्या वाळवंटात माणूस दुरूनही सहज दिसेल, असा सर्वसाधारण समज असतो. तो चुकीचा आहे, आणि या शोधकार्यातील बहुतेक अडचणी तेथूनच सुरू होतात. जॉशुआ ट्रीचा मोठा भाग ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांच्या राशींनी व्यापलेला आहे. शिळांच्या खाली, आत आणि मधोमध असंख्य कपारी असतात. तहानेने व्याकूळ झालेला माणूस उघड्यावर थांबत नाही. तो सावली शोधतो, कपारीत शिरतो किंवा झुडपाखाली अंग चोरून पडतो. जी सावली त्याला तासभर जास्त जगवते तीच त्याला वरून पाहणाऱ्याच्या नजरेआड करते. एखादी जागा पाहून झाली म्हणजे तेथे कोणी नाही असे ठरत नाही, हे या विषयाचे मर्म आहे, आणि पुढील तांत्रिक विवेचनही त्याभोवतीच फिरते.

शास्त्राचा उगम : शोधाचे गणित नेमके कोठून आले याविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार ते सागरावरून जमिनीवर आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्यांच्या शोधाचा अभ्यास करणाऱ्या गटात बर्नार्ड कूपमन हे गणिती होते. त्यांनी १९४६ च्या अहवालात शोधाची उपपत्ती मांडली आणि तिचा गाभा १९५६–५७ मध्ये लेखांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. दुसऱ्या मतानुसार अमेरिकेच्या पश्चिम भागातील डोंगरी बचाव पथकांनी आपली पद्धत बरीचशी स्वतःच्या अनुभवातून घडवली. डेनिस केली यांचे १९७३ चे लेखन, रॉबर्ट मॅटसन यांची १९७० च्या दशकाच्या मध्यातील सहमती-पद्धत आणि हरवलेल्यांच्या वर्तनाविषयीचा विल्यम सायरोटक यांचा त्याच सुमाराचा अभ्यास हे त्या परंपरेचे टप्पे मानले जातात. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. जमिनीवरील पथकांनी नौदलाची परिभाषा उचलली, पण तिच्यामागचे मोजमाप पुष्कळ काळ उचलले नाही. कूपर, फ्रॉस्ट आणि रोब यांच्या २००३ च्या अहवालात नेमकी हीच उणीव दाखवली आहे. जमिनीवर ‘शोध-पट्ट्याची परिणामी रुंदी’ (चालणाऱ्या शोधकाच्या नजरेखालून प्रत्यक्षात किती रुंद पट्टा जातो त्याचे माप) प्रत्यक्ष प्रयोगांनी मोजण्याला खरा वेग त्यानंतरच आला.

उपपत्ती थोडक्यात अशी. शोधप्रदेशाचे तुकडे पाडतात. हरवलेला माणूस एखाद्या तुकड्यात असण्याची शक्यता म्हणजे क्षेत्र-संभाव्यता. तो तेथे असलाच तर पथकाला सापडण्याची शक्यता म्हणजे आढळ-संभाव्यता. दोहोंचा गुणाकार यशाची संभाव्यता देतो. मॅटसन यांच्या पद्धतीत अनुभवी माणसे एकमेकांशी न बोलता प्रत्येक तुकड्याला आपापला आकडा देतात आणि त्यांची सरासरी घेतात. ‘उरलेले जग’ असाही एक रकाना त्यात असतो, कारण माणूस उद्यानातून केव्हाच निघून गेलेला असू शकतो. समजा, एका घळीत तो असण्याची शक्यता ४० टक्के धरली. पथकाने ती घळ ६० टक्के आढळ-संभाव्यतेने पाहिली आणि काही मिळाले नाही. तरी त्या घळीची शक्यता शून्य होत नाही, सुमारे २१ टक्के उरते. नकाशावर मात्र ती घळ ‘झाली’ म्हणून रंगवली जाते आणि दुसऱ्या दिवशी पथके दुसरीकडे वळतात.

कूपमन यांच्या यादृच्छिक शोधाच्या सूत्रानुसार, एखादा प्रदेश एकदा पूर्ण व्यापेल इतके श्रम घातले तर आढळ-संभाव्यता सुमारे ६३ टक्के येते आणि दुप्पट श्रमांना सुमारे ८६ टक्के. या सूत्राला एक गृहीतक आहे. प्रत्येक नजर आधीच्या नजरेपासून स्वतंत्र असली पाहिजे. समुद्राच्या पृष्ठावर हे बऱ्यापैकी खरे ठरते, शिळांच्या राशीत ते खरे नाही. कपारीचे तोंड पूर्वेला असेल तर पश्चिमेकडून दहा वेळा गेले तरी आतला माणूस दिसत नाही, दहावी फेरी पहिलीच्या पलीकडे काहीच सांगत नाही. म्हणून जाणते पथकप्रमुख दुसरी फेरी उलट दिशेने आणि वेगळ्या उन्हात घ्यायला लावतात.

सायरोटक यांची आकडेवारी मुख्यतः वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क या राज्यांतील, म्हणजे दमट आणि वनाच्छादित मुलखातील होती. ती वाळवंटात वापरताना जपून वापरावी लागते. रॉबर्ट कोएस्टर यांनी पुढे अनेक देशांतील घटनांचा संचय केला, आणि २००८ च्या त्यांच्या मांडणीत कोरड्या व दमट प्रदेशांची वेगळी वर्गवारी आहे. ही सुधारणा फार महत्त्वाची आहे.

तहान आणि मुदत : शोध किती दिवस ‘जिवंत माणसाचा शोध’ म्हणून चालवायचा हे शरीरक्रियेवर ठरते. या बाबतीत शरीरक्रियातज्ज्ञ एडवर्ड ॲडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम आजही आधारभूत आहे. दुसऱ्या महायुद्धात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील सैनिकांवर केलेली ही निरीक्षणे १९४७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या कोष्टकानुसार, सावलीतील कमाल तापमान ४९° से. असताना पाण्याविना स्वस्थ पडून राहणारा माणूस सुमारे दोन दिवस जगतो. तोच फक्त रात्री चालला तर एक दिवस. ३८° से. ला हेच आकडे पाच आणि तीन होतात. ४९° से. ला जवळ चार लिटर पाणी असले तरी मुदत जेमतेम अर्ध्या दिवसाने वाढते. तहान लागेल तेवढेच पाणी पिणारा माणूस घामाने गेलेले पाणी भरून काढत नाही, हेही याच अभ्यासात दिसून आले.

ही कोष्टके सरासरीची आहेत. अपवाद म्हणून अमेरिकी भूवैज्ञानिक डब्ल्यू. जे. मॅकगी यांनी १९०६ मध्ये नोंदवलेला वृत्तांत आवर्जून सांगितला पाहिजे. ऑगस्ट १९०५ मध्ये ॲरिझोनाच्या दक्षिण सीमेलगत तिनाहास आल्तास येथे मॅकगी यांचा मुक्काम होता. तिनाहा म्हणजे स्पॅनिशमध्ये मातीचा रांजण. खडकात आपोआप झालेल्या पाण्याच्या खळग्यांना तिकडे हे नाव आहे. कुकडी नदीतील निघोजच्या खळग्यांना आपल्या लोकांनी हेच नाव दिले, रांजणखळगे. एके दिवशी पहाटेपूर्वी तळाजवळ बैलाच्या डुरकण्यासारखा घोगरा आवाज आला. तेथे पाब्लो व्हॅलेन्सिया हा सोन्याच्या शोधार्थ गेलेला माणूस सापडला. जेमतेम एका दिवसाच्या पाण्यावर तो सुमारे साडेसहा दिवस तगला होता. कातडी वाळून काळवंडली होती. अंगावरच्या ओरखड्यांतून रक्त येत नव्हते, वाळल्या चामड्यावर सुरी ओढावी तशा त्या रेघा होत्या. त्याला दिसत नव्हते, ऐकू येत नव्हते, सुरुवातीला पाणी गिळताही येत नव्हते. अंगावर पाणी ओतत राहिल्यावर तो हळूहळू सावरला आणि वाचला. या एका उदाहरणावरून कोष्टक रद्द होत नाही. परंतु कोष्टकाची मुदत संपली एवढ्याच कारणाने हाकारे थांबवू नयेत, याला ते पुरेसे आहे.

पद्धती : माणूस शेवटचा निश्चितपणे कोठे होता तो बिंदू प्रथम ठरवतात. बहुधा वाटेच्या तोंडाशी उभी असलेली त्याची गाडी हाच तो बिंदू असतो. मग मोजक्या तरबेज माणसांची झटपट पाहणी, बाहेर पडणाऱ्या वाटांवर पहारा, आणि त्यानंतर क्रमाने तुकडे. राष्ट्रीय उद्यानात हे काम उद्यानसेवेचे रेंजर चालवतात. भोवतालच्या काउंटींचे (जिल्ह्यांचे) शेरीफ म्हणजे पोलीसप्रमुख आणि स्वयंसेवी बचाव पथके त्यांना मिळतात. उद्यानसेवा सामान्यतः या शोधाचे पैसे आकारत नाही.

माग काढणे ही वाळवंटाची खास विद्या. अमेरिकी सीमारक्षक दलात ती फार वाढली. त्या दलातील ॲब टेलर यांनी ती बचाव पथकांना शिकवली. पावलाची लांबी मोजायला काठी घेऊन एकेक पाऊल नक्की केल्याशिवाय पुढे जायचे नाही, ही त्यातली शिस्त. सूर्य क्षितिजालगत असताना पाऊलखुणेच्या कडेची सावली लांबते आणि वाळूतली अस्पष्ट टाचही उठून दिसते. पाहणाऱ्याने सूर्य आणि ठसा यांच्या रेषेत, ठसा मध्ये ठेवून उभे राहायचे असते. भर दुपारी तोच ठसा नाहीसा झाल्यासारखा वाटतो. म्हणून कोरड्या ओढ्याचे पात्र सकाळी पाहतात, आणि शोधाला आलेल्यांनीच ते तुडवू नये यासाठी आधी ते राखून ठेवतात.

उष्णता यंत्रांनाही सोडत नाही. तापल्या हवेची घनता कमी होते आणि हेलिकॉप्टरची उचल घटते. जुलै २०२४ मध्ये डेथ व्हॅलीत तापमान सुमारे ४९° से. च्या वर असल्याने रुग्णवाहू हेलिकॉप्टर येऊ शकले नव्हते. अवरक्त कॅमेऱ्याने माणसाचे अंग ओळखायचे तर परिसर त्याहून थंड हवा. दिवसभर तापलेले खडक रात्री उशिरापर्यंत ऊब धरून असतात, त्यामुळे पहाटेचे काही तासच कामाचे. कुत्र्यांचे पंजे पोळतात आणि वासही लवकर विरतो. डेथ व्हॅलीत १५ जुलै १९७२ रोजी जमिनीचे तापमान ९३.९° से. नोंदले गेले होते, यावरून कल्पना यावी.

भ्रमणध्वनीने नवा पुरावा दिला, तशीच नवी गुंतागुंतही. फोन मनोऱ्याशी जोडला गेला की संदेशाला लागलेल्या वेळेवरून अंतर काढता येते, दिशा मात्र नीट कळत नाही. नकाशावर बिंदू मिळत नाही, मनोऱ्याभोवतीच्या वर्तुळाचा कंस मिळतो.

दोन शोध : जुलै १९९६ मध्ये चार जणांचे एक जर्मन कुटुंब डेथ व्हॅलीत नाहीसे झाले. त्यांची व्हॅन ऑक्टोबरमध्ये अँव्हिल कॅन्यन या दुर्गम घळीत सापडली, तीन टायर बसलेल्या अवस्थेत. मोठ्या शोधातूनही माणसे मिळाली नाहीत. नोव्हेंबर २००९ मध्ये दोन अनुभवी शोधकांना व्हॅनपासून कित्येक किलोमीटर दक्षिणेला प्रौढांचे अवशेष आढळले. ते त्या दिशेला का गेले? नकाशावर दक्षिणेस चायना लेक हे नौदलाचे शस्त्रचाचणी क्षेत्र दिसते. युरोपातील लष्करी तळांभोवती कुंपण आणि गस्त असते, तशी येथेही मदत मिळेल असे त्यांना वाटले असावे, असा शोधकांचा तर्क आहे. सिद्ध करता येणार नाही, तरी इतर तर्कांपेक्षा तो अधिक पटतो. आधीच्या शोधकांनी स्वतः कोणत्या वाटेने गेलो असतो हा विचार केला. या दोघांनी परक्या देशातून आलेल्या, घाबरलेल्या आई-बापाचा विचार केला.

दुसरी घटना जॉशुआ ट्रीमधील. जून २०१० मध्ये एकटाच गेलेला एक पदभ्रमक परतला नाही. गाडी मिळाली. तीन दिवसांनी सकाळी त्याचा फोन एकदा मनोऱ्याशी जोडला गेल्याचे पुढे उघड झाले. मोजलेले अंतर होते सुमारे १७ किमी. अधिकृत शोध थांबल्यावर स्वयंसेवक वर्षानुवर्षे तेथे जात राहिले. प्रत्येकाने आपल्या चालीची उपग्रहीय (जीपीएस) नोंद इतरांसाठी खुली ठेवली. त्या रेषा एकावर एक ठेवलेला नकाशा पाहिला की आणखी जागा उरली तरी कोठे, असा प्रश्न पडतो. अवशेष फेब्रुवारी २०२२ मध्ये सापडले, आणि तेही त्या भागातून सहज चाललेल्या पदभ्रमकांना. त्या रेषा काढणाऱ्यांचे श्रम वाया गेले असे मुळीच म्हणता येणार नाही. जमिनीवरील आढळ-संभाव्यतेचा इतका मोठा आणि प्रामाणिक पुरावा क्वचितच जमा झाला असेल.

प्रतिबंध : ग्रँड कॅन्यनमध्ये १९९६ च्या उन्हाळ्यात उष्णतेने अनेक मृत्यू झाले. त्यानंतर १९९७ पासून वाटांवर थांबून लोकांना वेळीच परत फिरवणारी प्रतिबंधक तुकडी सुरू झाली.

भारतीय संदर्भ : महाराष्ट्रात उष्ण वाळवंट नाही. सह्याद्रीतील शोध डोंगरकडे, धुके आणि रान यांतला असतो. त्याची जबाबदारी शिवदुर्ग मित्र, लोणावळा यांसारख्या संस्था आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर उचलतात. उन्हाळ्यात उघड्या सोंडेवर पाणी संपलेल्या ट्रेकरची अवस्था मात्र वर वर्णिल्याहून फारशी वेगळी नसते. भारतात वाळवंटी मागाची परंपरा कच्छमध्ये आहे. तेथील माग काढणाऱ्यांना पगी म्हणतात, आणि पोलीस व सीमा सुरक्षा दल त्यांची मदत घेतात. उंटाच्या ठशावरून त्यावर ओझे होते की नाही हे ते सांगतात. ही विद्या बापाकडून मुलाकडे जाते.