तीन पैसे, पंधरा रुपये आणि सराफाची मूस

नाण्यावरचा आकडा वेगळा दिसला की ते लाखमोलाचं असणार, असा समज गावोगाव आहे. संग्राहक मात्र आधी एवढंच पाहतो की तसली नाणी आज किती उरली आहेत आणि हातातलं नाणं कितपत झिजलंय. खानदेशात काय उरलं, हे बरंचसं सराफांच्या मुशीनं, म्हणजे सोनं-चांदी वितळवायच्या भांड्यानं, आणि गळ्यातल्या हारांनी ठरवलं.

या प्रदेशाचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं नाणं अकबराचं आहे. 1601 साली असीरगड पडला आणि खानदेशच्या फारुकी सुलतानांचं राज्य संपलं. त्या विजयाची सोन्याची मोहोर असीरच्या नावानं पाडली गेली, तिच्यावर ससाणा कोरलेला आहे. असीरगड आज मध्य प्रदेशात असला तरी तेव्हा तो खानदेशचा कणा होता.

1818 मध्ये खानदेशात इंग्रजी अंमल आला तेव्हा बाजारात एकच रुपया नव्हता. शेजारच्या चांदवडच्या टांकसाळीचा चांदोरी रुपया होता, इतरही होते, आणि सराफ कस, म्हणजे धातूची शुद्धता, पाहून बट्टा (किमतीतली तूट) कापून घेत. 1835 च्या कायद्यानं सगळीकडे एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा रुपया आला. त्याचे 16 आणे, 64 पैसे, 192 पै. अधेली (आठ आणे), पावली (चार आणे), चवली (दोन आणे) ही रोजची नाणी झाली. खाली अर्धा पैसा आणि पैही होती, कारण मीठ-मिरची तेवढ्यातही मिळत असे.

पहिल्या महायुद्धात चांदी कडाडली. मग सरकारनं चवली, पावली आणि अधेली तांबे-निकेलची काढली. 1919 ची ही अधेली बनावट करायला इतकी सोपी ठरली की थोड्याच वर्षांत ती मागे घ्यावी लागली. त्याच काळातलं, 1918 सालचं, मुंबईत पाडलेलं 15 रुपयांचं सोन्याचं नाणं तर एकाच वर्षाचं. वजन आणि कस सॉव्हरिन या विलायती सोन्याच्या नाण्याइतकाच, आणि सॉव्हरिनचा भाव तेव्हा 15 रुपये, म्हणून हा आकडा. एवढं बावीस कॅरट सोनं सराफाकडे गेलं की मुशीत जायला वेळ लागत नाही.

1940 पासून रुपयातली चांदी जवळपास 92 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर आली आणि 1947 मध्ये रुपया निकेलचा झाला. जुना, भरपूर चांदीचा रुपया लोकांनी दडवला किंवा वितळवला. सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया आज फार थोड्या संग्रहांत दिसतो. सातपुड्यात भिल्ल आणि पावरा बायकांच्या हारांत चांदीचे रुपये टिकले, पण कडी बसवताना दिलेला झाळाचा डाग नाण्यावर कायमचा राहतो. असं नाणं संग्राहक क्वचितच घेतो. मला तो हार तसाच अखंड राहावा असं वाटतं, कारण त्यात एका घराण्याची ठेव आहे.

1 एप्रिल 1957 ला रुपयाचे 100 पैसे झाले. 1964 मध्ये ॲल्युमिनियमचा षटकोनी तीन पैसा आला, जुन्या अर्ध्या आण्याच्या अगदी जवळ बसणारा. 1968 मध्ये कमळाचा पिवळा वीस पैसा आला. दोन्ही आकड्यांनी अनोखे, पण ते इतके पाडले गेले की साधा वापरलेला नग आजही स्वस्तात मिळतो. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. 60, 75, 125, 150 आणि 1000 रुपयांची नाणी स्मारक म्हणून निघतात. ती बाजारात फिरत नाहीत, टांकसाळ ती दर्शनी किमतीहून जास्त दरानं विकते.

जुनी नाणी लाखांना घेऊ म्हणून आधी शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं 2021 मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे. बँक स्वतः असा व्यवहार करत नाही. शेत नांगरताना दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर 1878 च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि घरात सापडलेलं नाणं चिंचेनं घासू नका. वरचा थर गेला की त्याची किंमत बरीच उतरते.