जोतिबाचा गुलाल फोटोत खरा का वाटत नाही

चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर जाऊन आलो की रात्री घरी फोटो बघत बसायचं, आणि दरवर्षी माझं तेच होतं, डोळ्यांनी बघितलेला गुलाबी फोटोत नसतोच. सासनकाठ्या झकास येतात, आभाळ पण मस्त, पण गुलाल म्हणजे नुसता सपाट डाग, उधळलेली भुकटी आहे असं वाटतच नाही, आणि लोकांचे चेहरे जरा हिरवट. आधी वाटायचं मोबाईल जुना झालाय.

पण मूळ गोष्ट अशी की कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळतच नाही. सिलिकॉनच्या चिपवर लाखो-करोडो बारीक चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोन फक्त किती उजेड पडला एवढंच मोजतो. म्हणून प्रत्येकावर लाल, हिरवा नाहीतर निळा फिल्टर बसवतात, चारातले दोन हिरवे, एक लाल, एक निळा. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, १९७६ साली पेटंट मिळालं आणि आजही बहुतेक मोबाईलमध्ये तीच किंवा तिच्याच भावकीतली मांडणी असते. हिरवे जास्त का, तर आपल्या डोळ्याला बारकावे त्याच भागातल्या उजेडात जास्त कळतात. म्हणजे एका चौकोनाला एकच रंग खरा माहीत, बाकीचे दोन शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरायचे.

आता गुलाल बघा. तो लाल आणि निळा उजेड परत पाठवतो, हिरवा गिळतो. म्हणजे ज्या हिरव्या चौकोनांवर बारकाव्याची सगळी भिस्त, ते निम्मे चौकोन जवळजवळ अंधारात, आणि भर उन्हात लाल चौकोन काठोकाठ भरलेले, त्यापुढं कितीही उजेड आला तरी आकडा तोच. मग कण दिसणार कुठनं?

डोळ्यातसुद्धा रंग ओळखणाऱ्या पेशी, म्हणजे शंकुपेशी, तीनच प्रकारच्या, पण त्यांची वाटणी कॅमेऱ्यासारखी स्वच्छ नाही. त्या साधारण ५६०, ५३० आणि ४२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या उजेडाला सगळ्यात जास्त जाग्या होतात, म्हणजे पहिल्या दोन अगदी खेटून, आणि जिला आपण लाल म्हणतो तिचं शिखर खरं तर पिवळट हिरव्यात आहे! मेंदू या तिघींची तुलना करून रंग ठरवतो. गुलालाचा गुलाबी तर इंद्रधनुष्यात कुठंच नाही, एका तरंगलांबीचा असा तो उजेडच नसतो, पहिली आणि तिसरी जागी आणि मधली त्यामानानं गप्प असली की मेंदू तो रंग तयार करतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दोन दिवस डोक्यातनं जात नव्हतं.

हिरवट चेहऱ्यांचं कारण वेगळं आहे. मेंदूला माहीत असतं की समोरचा सदरा पांढरा आहे, त्यामुळं चौफेर गुलाबी असलं तरी तो सांभाळून घेतो. कॅमेऱ्यातला ऑटो व्हाईट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग आपोआप सावरणारी सोय, मात्र पुष्कळदा सगळ्या फ्रेमची सरासरी राखाडी असणार असं धरून चालतो, फ्रेमभर गुलाबी दिसला की उजेडच गुलाबी आहे असं समजून हिरव्याकडं ओढतो.

यंदा मी गुलाल उधळायच्या आधीच एका काकांच्या पांढऱ्या फेट्यावर व्हाईट बॅलन्स लॉक केला, एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, थोडं खाली ओढलं, आणि 'चांगभलं' सुरू झाल्यावर सटासट फोटो काढले. फोटो जरा काळपट आलेत, पण हवेतला गुलाल सुटा सुटा दिसतोय.