कलम १८ची तक्रार आणि कलम १९चं अपील: कागद हवा असेल तर दार कोणतं?

माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा हे कोल्हापूर जिल्ह्यात आता कुणाला शिकवावं लागत नाही. जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्द, ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं की प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील, २० रुपये. तिथंही समाधान झालं नाही तर राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं अपील, पुन्हा २० रुपये. चंदगडपासून शिरोळपर्यंत एवढं सगळ्यांना पाठ आहे. घोळ होतो तो यापुढच्या एका शब्दाशी. तो शब्द म्हणजे 'तक्रार'.

नदीकाठच्या एका गावातले एक काका मध्यंतरी फाईल घेऊन आले. २०२१च्या पुरात घरात पाणी शिरलं होतं. पंचनामा झाला, पण सानुग्रह अनुदानाच्या यादीत नाव नाही. त्यांनी पंचनाम्याची प्रत आणि लाभार्थ्यांची यादी मागितली होती. अर्ज नेमका होता, पोच होती, ३० दिवस गेले तरी उत्तर नव्हतं. इथपर्यंत सगळं बरोबर. मग कुणीतरी सांगितलं, "अपील कशाला करत बसताय? थेट आयोगाकडं तक्रार ठोका, दंड बसला की माहिती घरी आणून देतील." काकांनी तसंच केलं. बराच काळ थांबून सुनावणी लागली. आदेशात जन माहिती अधिकाऱ्याकडून, म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याकडून, खुलासा मागवला होता, आणि माहिती हवी असल्यास अपिलाचा मार्ग उपलब्ध आहे, असं एक वाक्य होतं. प्रथम अपिलाची मुदत तोवर कधीच उलटली होती. पंचनाम्याची प्रत मात्र काकांच्या हातात आलीच नाही.

अशा फाईली मी इतक्या पाहिल्यात, की आता आदेश न वाचता शेवटची ओळ सांगता येते. म्हणून हे एकदा नीट मांडतो.

रोजच्या मराठीत तक्रार म्हणजे काम करून घेण्याचा मार्ग. नळाला पाणी नाही, तक्रार केली, पाणी आलं. माहिती अधिकार कायद्यातली तक्रार तशी नाही. नळ का बंद ठेवला आणि कुणी ठेवला, एवढीच चौकशी तिच्यातून होते. नळ सोडायचा अधिकार कलम १९मध्ये आहे, म्हणजे अपिलात.

लोक फसतात त्याला कायद्याची रचनाही कारण आहे. कलम १८(१) उघडून वाचा. माहिती नाकारली, मुदतीत उत्तर दिलं नाही, अवाजवी शुल्क मागितलं, अपूर्ण, दिशाभूल करणारी किंवा खोटी माहिती दिली, हे सगळं तिथं शब्दशः लिहिलेलं आहे. आपलं दुखणं छापील सापडलं की इलाजही तिथंच असणार असं माणसाला वाटतं. पण कलम १८ पुढे काय देतं? चौकशी, साक्षीदार बोलावणं, शपथेवर जबाब घेणं, कागद मागवून तपासणं. दिवाणी न्यायालयाचे हे अधिकार आयोगाला आहेत. मात्र कागद अर्जदाराला द्या, असं सांगण्याचा अधिकार त्या कलमात नाही. तो कलम १९(८)मध्ये आहे. नुकसानभरपाईचा आदेशही तिथलाच.

ही माझी मतं नाहीत. मणिपूर राज्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०११ रोजी हेच स्पष्ट केलं. कलम १८खालच्या तक्रारीत आयोग माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही. तिथं फार तर कलम २०ची शास्ती, म्हणजे दंड, होते, आणि तीसुद्धा अधिकाऱ्याचं वागणं प्रामाणिक नव्हतं अशी आयोगाची खात्री पटल्यावर. ज्याला माहिती नाकारली गेली, आणि उत्तर न मिळणं हीसुद्धा कलम ७(२)प्रमाणे नकारच, त्याचा मार्ग कलम १९चा. हा निकाल येऊन इतकी वर्षं झाली, तरी 'थेट तक्रार करा' हा सल्ला चहाच्या टपरीपासून छापील मार्गदर्शक पुस्तिकांपर्यंत अजून दिला जातो. याचा मला मनापासून राग येतो, कारण फुकटच्या सल्ल्याची किंमत अर्जदार मोजतो.

आता उलट बाजू पाहा, कारण खरी मेख इथं आहे. तक्रारीतून माहिती मिळत नाही, पण अपिलातून शास्ती मात्र होऊ शकते. कलम २० वाचलं तर 'तक्रारीवर किंवा अपिलावर निर्णय देताना' असे शब्द आहेत. म्हणजे दुसऱ्या अपिलात कागदही मागता येतो आणि दिवसाला २५० रुपयांप्रमाणे, जास्तीत जास्त २५,००० रुपयांची शास्तीही. शिवाय नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी अपिलात कलम १९(५)ने नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावरच टाकली आहे. मग दोन्ही गोष्टी देणारं दार सोडून एकच देणाऱ्या दाराशी रांग का लावायची? ज्याला कागद हवा आहे त्याने अपीलच करावं. याबाबत माझ्या मनात तसूभर शंका नाही.

मागणी कशी लिहायची तेही सांगतो. दुसऱ्या अपिलाच्या 'विनंती' या भागात तीन वेगळी वाक्यं लिहा. पहिलं, अमुक दिनांकाच्या अर्जातील मुद्दा क्रमांक अमुकची माहिती कलम ७(६)प्रमाणे विनाशुल्क देण्याचे आदेश व्हावेत (मुदत टळली असेल तर प्रतीचे पानामागे २ रुपयेही द्यावे लागत नाहीत). दुसरं, विलंबाबद्दल कलम २०(१)ची शास्ती व्हावी. तिसरं, माहिती न मिळाल्यामुळे प्रत्यक्ष नुकसान झालं असेल तरच, कलम १९(८)(ख)ची भरपाई, आकड्यासह. 'योग्य ती कडक कारवाई व्हावी' हे वाक्य कृपा करून लिहू नका. त्यातून काहीच मागितलं जात नाही.

'कलम १८ व १९(३) अन्वये तक्रार तथा द्वितीय अपील' असं एकाच कागदावर लिहायची पद्धतही सोडा. दोन्ही लिहिलं म्हणजे दुप्पट जोर आला असं वाटतं, पण समोरच्याला मात्र आधी हा कागद नक्की काय आहे हेच ठरवावं लागतं.

शास्तीबद्दलही दोन गैरसमज आहेत. ती रक्कम अर्जदाराला मिळत नाही, शासनाकडे जमा होते. आणि कलम २० जन माहिती अधिकाऱ्यासाठी आहे. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याने सुनावणीच घेतली नाही म्हणून त्याला दंड करा, अशा तक्रारी लोक पानंच्या पानं लिहितात. कायद्यात ती सोय नाही. त्याने ३० दिवसांत, किंवा कारण नोंदवून फार तर ४५ दिवसांत निर्णय दिला नाही, तर वाट न पाहता दुसरं अपील टाका. दुसऱ्या अपिलाला ९० दिवस आहेत. पुरेसं कारण पटलं तर उशीर माफ होतो, पण तसं पटेल यावर विसंबून राहू नका.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. दुसऱ्या अपिलाला जोडपत्र 'क' असतं. तक्रारीला कायद्यात मुदत दिलेली नाही. दोन्ही पुण्यालाच जातात. आयोगाच्या आदेशावर पुढे अपील नाही, उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्याने त्यासाठी मुंबई गाठायला लागत नाही, एवढा दिलासा आहे.

मग तक्रार करायचीच नाही का? करायची. कार्यालयाने जन माहिती अधिकारीच नेमला नसेल, किंवा खिडकीवर अर्ज घ्यायलाच नकार दिला असेल, तर नकाराला आव्हान देण्यासाठी मुळात अर्जच नोंदलेला नसतो. अपील कशावर करणार? तिथं कलम १८(१)(क) हेच दार. तरी माझा सल्ला असा, की खिडकीवर वाद घालण्यात दिवस घालवू नका. तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

पण त्याआधी ते कार्यालय 'सार्वजनिक प्राधिकरण', म्हणजे हा कायदा लागू असलेली संस्था, आहे का, हे पाहा. सहकारी साखर कारखान्याने किंवा पतसंस्थेने अर्ज परत केला म्हणून तक्रार करणारे आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१३च्या थलप्पलम निकालानंतर, शासनाचं भरीव अर्थसाहाय्य किंवा नियंत्रण दाखवता आलं नाही तर सहकारी संस्था या कायद्याखाली येत नाही. तिथं ना तक्रार चालते ना अपील. पण कारखान्याची जी माहिती प्रादेशिक सहसंचालक (साखर) यांना किंवा पतसंस्थेची जी माहिती निबंधकाला कायद्याने मागवता येते, ती कलम २(च)नुसार त्या शासकीय कार्यालयाकडून मागता येते. अर्ज तिथं करा.

काकांचं म्हणाल, तर एकदा चुकलं म्हणून तीच माहिती नव्याने मागायला कायद्यात बंदी नाही. आम्ही पुन्हा जोडपत्र 'अ' भरलं, तेच दोन मुद्दे, नवी तारीख. ३१व्या दिवशी उत्तर नसेल तर प्रथम अपील द्यायचं, म्हणून ते जोडपत्र 'ब'ही त्याच दिवशी लिहून फाईलला लावून दिलं आहे.