कुत्र्यांसाठी घरगुती खाऊ (डॉग ट्रीट)

पाळीव कुत्र्याला जेवणाव्यतिरिक्त, बहुधा शाबासकी म्हणून किंवा काही शिकवताना, द्यायचा लहानसा पदार्थ. घरी तो मुख्यतः तीन तऱ्हांनी करतात : पीठ मळून भाजलेली कडक बिस्किटे, मांस आणि अंड्याच्या सरसरीत मिश्रणाचे मऊ दाणे आणि मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या. या तिन्हींत घटकांपेक्षा महत्त्वाचे असते ते आत उरलेले पाणी. तुकडा कडक होणार की मऊ, किती दिवस टिकणार आणि कशासाठी वापरायचा, हे त्यावर ठरते. घरचा खाऊ बिघडतो तोही बहुतेक वेळा पाण्यामुळेच.

कुत्र्यांसाठी वेगळे बिस्किट बाजारात आणण्याचे श्रेय जेम्स स्प्रॅट या अमेरिकी उद्योजकाला दिले जाते. १८६० च्या दशकात त्याने इंग्लंडमध्ये गहू, भाज्या, बीट आणि वाळवलेले मांस यांपासून केलेली बिस्किटे विकायला सुरुवात केली.

मात्रा. खाऊ हे जेवण नव्हे. दिवसभराच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त वाटा त्याचा असू नये. उरलेले ९० टक्के संतुलित आहारातूनच यावेत, नाहीतर पोषणाचा तोल जातो. १० किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० किलोकॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला ६३ येतात. कुत्रा तुकड्याचा आकार मोजत नाही, किती वेळा मिळाले ते त्याच्या लक्षात राहते. म्हणून शिकवतानाचा तुकडा वाटाण्याएवढाच असावा.

वर्ज्य घटक. सर्वांत फसवा घटक झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ. ‘साखरविरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पीनट बटरमध्ये तो असतो. वेष्टनावर ‘बर्च शुगर’ किंवा ‘ई ९६७’ असेही लिहिलेले असते. कुत्र्याच्या शरीरात त्यामुळे इन्सुलिन एकदम स्रवते आणि रक्तातली साखर कोसळते. दर किलो वजनामागे ०.१ ग्रॅम एवढी मात्राही त्याला पुरते, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला केवळ १ ग्रॅम. द्राक्षे व मनुका मूत्रपिंड निकामी करू शकतात आणि किती खाल्ल्यावर, याचा भरवसा देता येत नाही. कांदा-लसूण तांबड्या रक्तपेशी फोडतात. तयार सूप आणि स्टॉकमध्ये त्यांची पूड असते, म्हणून पीठ मळायला बिनमिठाच्या उकडलेल्या मांसाचे पाणी किंवा साधे पाणी घ्यावे. चॉकलेट, मॅकाडेमिया (एक कठीण कवचाचा सुकामेवा), जायफळ, मद्य आणि कच्चे यीस्टचे पीठ हेही वर्ज्य. मीठ, साखर घालण्याचे कारणच नाही. कुत्रा आधी वासाने खातो.

कडक बिस्किटे. २४० ग्रॅम गव्हाचे पीठ, १ अंडे, शिजवून घोटलेला १२० ग्रॅम लाल भोपळा आणि सुमारे ३० मिलिलिटर पाणी घ्यावे. भोपळ्यात पाणी कमीजास्त असते, म्हणून पाणी शेवटी, चमच्याचमच्याने घालावे. गोळा घट्ट हवा. बोटाला चिकटला तर सैल झाला. तो झाकून २० मिनिटे ठेवावा, नाहीतर लाटलेले पीठ पुन्हा आकसते. ६ मिलिमीटर जाड लाटून अडीच सेंटिमीटरचे चौकोन कापले की साधारण १०० बिस्किटे होतात. प्रत्येकाला काट्याने दोनदा आरपार टोचावे. या भोकांतून वाफ निघते. टोचायचे राहिले तर बिस्किट फुगते, आत पोकळी राहते आणि तिथे ओल धरते.

१७० अंश सेल्सियसला २५ ते ३० मिनिटे भाजल्यावर बिस्किटे झाल्यासारखी दिसतात. खरे तर अर्धेच काम झालेले असते. नंतर आच १०० अंशांवर आणून तास-दीड तास वाळवावे लागते. घाईने आच वाढवली तर बाहेरचा थर आधी कडक होतो, आतली वाफ अडकते आणि वरून खडखडीत दिसणाऱ्या बिस्किटाला चौथ्या-पाचव्या दिवशी बुरशी येते. रंगावर विसंबू नये, तराजू वापरावा : वरील मापाचा गोळा सुमारे ४४० ग्रॅम भरतो, त्यातला कोरडा भाग २३० ग्रॅमच्या आसपास असतो. भाजून-वाळवून सगळ्या घाण्याचे वजन २६० ग्रॅमच्या खाली आले की ओलावा १० टक्क्यांच्या जवळ पोहोचतो. तराजू नसेल तर घाण्यातले सर्वांत जाड बिस्किट गार करून मोडावे. कट्‌ असा आवाज यावा; मधला भाग वाकून तुटला तर सगळी परत ओव्हनमध्ये. अख्ख्या घाण्यात सुमारे ९२० किलोकॅलरी, म्हणजे एका बिस्किटात ९ येतात. वरच्या १० किलोच्या कुत्र्याचा दिवसाचा वाटा सात बिस्किटांत संपतो.

मऊ दाणे. शिकवणीसाठी हेच उत्तम, कारण कडक बिस्किट चावण्यात कुत्र्याचे लक्ष मोडते. २०० ग्रॅम उकडलेले बिनहाडांचे कोंबडीचे मांस, २ अंडी, ५० ग्रॅम बटाट्याचे किंवा टॅपिओकाचे स्टार्च आणि लागेल तेवढे पाणी मिक्सरमधून धिरड्याच्या पिठाइतके सरसरीत करावे. ते खळगे असलेल्या सिलिकॉनच्या चटईवर ओतून पट्टीने निपटून घ्यावे आणि १८० अंशांवर १२ ते १५ मिनिटे भाजावे. खळग्यांच्या वर मिश्रणाचा थर राहिला तर दाणे सुटे न होता एकमेकांना चिकटून पापुद्रा निघतो. कोंबडीऐवजी कलेजी घेतली तर वास जास्त चांगला येतो. मात्र तिच्यात अ जीवनसत्त्व भरपूर असल्याने ती रोजची करू नये.

मांसाच्या पट्ट्या. चरबी काढलेले मांस तासभर फ्रीझरमध्ये ठेवून अर्धवट गोठवले की ५ मिलिमीटरचे सारखे काप पडतात. धाग्यांच्या दिशेने कापल्यास पट्टी चिवट होते, आडवे कापल्यास सहज तुटते. केवळ ६० अंशांच्या डिहायड्रेटरमध्ये (गरम हवेने पदार्थ वाळवणाऱ्या यंत्रात) कच्चे मांस वाळवणे ही घरोघरची चूक आहे. पाणी उडत असताना मांस थंड राहते आणि पृष्ठभाग कोरडा पडल्यावर साल्मोनेलासारखे जीवाणू उष्णतेला अधिक दाद देईनासे होतात. म्हणून आधी वाफवून किंवा भाजून मांसाच्या आतले तापमान कोंबडीसाठी ७४ आणि गोमांसासाठी ७१ अंशांवर न्यावे, मगच वाळवावे. ५०० ग्रॅम कोंबडीच्या छातीच्या मांसाच्या जेमतेम १५० ग्रॅम पट्ट्या होतात. हातात हलक्या लागल्या तरी उष्मांक त्यात एकवटलेले असतात. शिजवलेले हाड कुठल्याच खाऊत नको. ते टोकदार फुटते.

पथ्यावरचा कुत्रा. गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी आणि गहू यांची ॲलर्जी कुत्र्यांत जास्त आढळते. ती ओळखण्यासाठी पशुवैद्याने ठराविक आहार सुरू केला असेल तर एक बिस्किटही सगळी चाचणी वाया घालवते. अशा वेळी त्याच आहाराच्या डब्यातला घट्ट लगदा पातळ कापून, १७५ अंशांवर अर्धा तास भाजून खाऊ करता येतो. स्वादुपिंडाचा दाह होऊन गेलेल्या कुत्र्याला स्निग्ध खाऊ अजिबात देऊ नये.

साठवण. पूर्ण वाळलेली बिस्किटे पूर्ण गार करूनच हवाबंद डब्यात भरावीत; कोमट भरली तर झाकणाखाली दव धरते. अशी ती दोन-तीन आठवडे टिकतात. मऊ दाणे फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये तीन महिने. पट्ट्याही फ्रीझरमध्येच ठेवाव्यात. एका तुकड्यावर बुरशी दिसली तर पूर्ण डबा टाकून द्यावा, कारण काही बुरशींच्या विषाने कुत्र्याला काही तासांतच थरथर आणि झटके येतात.